जॉन न्यूटन आणि चाळीस वर्षांचा उशीर

‘अमेझिंग ग्रेस’ आठवतंय का? स्नेहसंमेलनासाठी संगीताच्या बाईंनी आमच्याकडून बसवून घेतलं होतं. अर्थ कुणालाच नीट कळत नव्हता, चाल मात्र आवडायची. ते लिहिणारा माणूस कोण होता हे कळायला मला चाळिशी उजाडली. स्मरणिकेसाठी लेख पाठव असा निरोप आला, तेव्हा त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनचा. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान. तो सात वर्षांचा व्हायच्या आतच आई क्षयाने गेली. अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर समुद्रावर गेला. तरुणपणी नौदलात जबरदस्तीने भरती, मग पळून जाणं, पकडलं जाणं, फटके. शेवटी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला राहिला आणि तिथे त्याचेच हाल गुलामासारखे झाले. तो आजारी आणि उपाशी असताना साखळदंडातल्या गुलामांनी लपूनछपून त्याला आपल्यातला घास दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मार्च १७४८ मध्ये घरी परतताना अटलांटिकच्या वादळात जहाज फुटायला आलं. देव न मानणाऱ्या न्यूटनने तेव्हा देवाचा धावा केला. जहाज कसंबसं आयर्लंडला लागलं. तो दिवस त्याने जन्मभर पाळला.

ख्रिस्ती शिकवणीत याला तारण म्हणतात. बायबलमध्ये त्यासाठी खंडणीची उपमा येते. आपल्याला खंडणी म्हटलं की गुंड आठवतात, पण इथे खंडणी म्हणजे बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. माणूस पापाचा गुलाम आणि ख्रिस्ताने जीव देऊन त्याला सोडवलं, असा तो विचार. म्हणजे उपमाच मुळी गुलामाच्या सुटकेची! न्यूटनला ती स्वतःपुरती पटली. आणि त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात, त्याने कप्तान म्हणून गुलामांच्या जहाजाच्या तीन सफरी केल्या.

रविवारी तो खलाशांची प्रार्थना घ्यायचा. खाली तळात माणसं साखळ्यांत बांधलेली असायची. जहाजाची रोजनिशी त्याने नेमाने लिहिली आहे. त्यात वारा, दिशा, खरेदी आणि मेलेले गुलाम यांच्या नोंदी आहेत. मेलेल्यांना नाव नाही, फक्त क्रमांक. मी रोज सर्व्हरचे लॉग वाचते, त्यामुळे ती कोरडी पद्धत मला फार ओळखीची वाटली आणि म्हणूनच जास्त बोचली.

धंदा सुटला तोही सद्सद्विवेकामुळे नव्हे. १७५४ मध्ये त्याला झटका आला आणि समुद्र सोडावा लागला. मग लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरी, ग्रीक-हिब्रूचा अभ्यास, आणि १७६४ मध्ये ऑल्नी गावात धर्मगुरूपद. आपण गायलो ते गीत त्याने तिथे १७७३ च्या नववर्षाच्या प्रवचनासाठी रचलं. गुलामगिरीबद्दल जाहीरपणे मात्र तो अजूनही गप्पच होता.

पुढे तो लंडनला आला. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार राजकारण सोडावं का, हे विचारायला त्याच्याकडे आला. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. १७८८ मध्ये त्याने स्वतः गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी केलेलं सगळं मांडलं, आपली कबुली फार उशिरा येते आहे हेही मान्य केलं. सरकारी चौकशीत साक्षही दिली. वादळाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला, प्रत्यक्ष गुलामगिरीला आणखी पंचवीसहून अधिक वर्षं लागली. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला.

आपल्या स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आपण नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो, हे त्यात आहे. गुलामांच्या जहाजाचे कप्तान होतो, हे नाही.