मेंढपाळ झाला राष्ट्राध्यक्ष

उत्तर अमेरिका खंडात मेक्सिको नावाचा देश आहे. सुमारे तीनशे वर्षे या देशावर स्पेनचे राज्य होते. त्यामुळे राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा स्पॅनिश झाली. पण स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून तेथे अनेक आदिवासी जमाती राहत होत्या. त्यांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. देश मुळात त्यांचा होता; पण देशात त्यांना मान नव्हता. त्यांपैकी झापोटेक जमातीत २१ मार्च १८०६ रोजी बेनितो हुआरेस यांचा जन्म झाला.

त्यांचे गाव गेलाताओ. दक्षिण मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील हे लहानसे खेडे. गावात जेमतेम वीस कुटुंबे होती. शाळा नव्हती. बेनितो तीन वर्षांचा असतानाच त्याचे आईवडील वारले. पुढे आजी-आजोबांनी व त्यांच्यानंतर काकांनी त्याला सांभाळले. बेनितो काकांच्या मेंढ्या राखी. त्याला फक्त झापोटेक भाषा येत होती. काकांना थोडे स्पॅनिश येई. सवड मिळाली की ते त्याला शिकवत. धडा आला नाही तर शिक्षा करता यावी, म्हणून बेनितो स्वतःच त्यांच्या हाती चाबूक आणून देई! पण कामामुळे शिकण्यास वेळच मिळत नसे.

शेवटी डिसेंबर १८१८ मध्ये बारा वर्षांचा बेनितो घर सोडून निघाला. डोंगरातली लांब वाट पायी तुडवून तो त्याच रात्री ओआहाका शहरात पोचला. तेथे त्याची बहीण एका घरी स्वयंपाकीण होती. पुढे पुस्तके बांधणाऱ्या एका सज्जन गृहस्थांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शाळेत घातले. शाळेत मात्र श्रीमंतांची मुले वेगळ्या खोलीत मुख्य शिक्षकांजवळ बसत. गरीब मुलांना दुय्यम शिक्षक कसेबसे शिकवत. बेनितोला हा भेदभाव सहन झाला नाही. त्याने ती शाळा सोडली आणि स्वतःच अभ्यास केला. पुढे उच्च शिक्षण घेऊन १८३४ मध्ये तो वकील झाला.

वकील झाल्यावर हुआरेस आपल्या लोकांना विसरले नाहीत. एका गावातील धर्मगुरू आदिवासींकडून जुलमाने पैसे घेत असे. हुआरेस यांनी गावकऱ्यांची बाजू घेतली. त्याबद्दल त्यांनाच नऊ दिवस तुरुंगात राहावे लागले. १८४७ मध्ये ते ओआहाका प्रांताचे राज्यपाल झाले. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या.

मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला होता. पण देशात एकी नव्हती. सैन्य व धर्मसंस्था यांच्यासाठी वेगळी न्यायालये होती. सर्वांना एकच कायदा असावा, असे हुआरेस यांचे मत होते. न्यायमंत्री झाल्यावर १८५५ मध्ये त्यांनी तसा कायदा केला. त्यावरून वाद पेटला. १८५८ मध्ये हुआरेस राष्ट्राध्यक्ष झाले, त्याच वेळी यादवी युद्ध सुरू झाले. एका देशात दोन सरकारे झाली! तीन वर्षांनी हुआरेस यांचा पक्ष जिंकला. प्रत्येकाला आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

तोच दुसरे संकट आले. फ्रान्सने मेक्सिकोवर स्वारी केली आणि १८६४ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियन या राजपुत्राला बादशहा केले. हुआरेस यांना राजधानी सोडावी लागली. एका काळ्या घोडागाडीतून ते गावोगाव फिरत राहिले. ती गाडी हेच देशाचे सरकार होते. शत्रूने त्यांना थेट उत्तर सीमेपर्यंत रेटले. पण त्यांनी देश सोडला नाही. अखेर फ्रेंच सैन्य परत गेले. १८६७ मध्ये बादशहाला मृत्युदंड झाला आणि हुआरेस राजधानीत परतले. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणारा कायदा झाला.

हुआरेस थोर होते, तरी त्यांच्या पक्षाची एक मोठी चूक झाली. आदिवासी गावांची जमीन सर्व गावाच्या मालकीची असे. १८५६ च्या कायद्याने ती वाटून टाकावी असे ठरले. प्रत्येकजण मालक झाला म्हणजे सुखी होईल, असे पुढाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात पुष्कळ जमीन धनिकांच्या घशात गेली. म्हणूनच काही आदिवासी परक्या बादशहाकडे वळले. बादशहाने तर त्यांच्यासाठी नाहुआत्ल या आदिवासी भाषेत फर्माने काढली होती. कायदा सर्वांना एकच हवा, हे खरे; पण दुबळ्यांच्या हातचे काढून घेऊन एकी होत नाही.

१८ जुलै १८७२ रोजी हुआरेस यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस मेक्सिकोत राष्ट्रीय सण म्हणून पाळतात. २००३ मध्ये तेथील कायद्याने झापोटेक, नाहुआत्ल इत्यादी आदिवासी भाषांनाही स्पॅनिशप्रमाणे राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला. मायबोली घेऊन शहरात आलेला तो मेंढपाळ मुलगा दुसरी भाषा शिकला आणि देशाचा आधार झाला. त्याच्या मायबोलीला मात्र हा मान मिळण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली.