गुस्ताफ डालेन : राखणदाराविना चालणारी दीपगृहे

स्वीडनच्या किनाऱ्यालगत हजारो लहान-मोठी खडकाळ बेटे आहेत. त्यांच्यातून रात्री जहाज बंदरात आणायचे, तर जागोजागी दिवे हवेत आणि प्रत्येक दिवा संध्याकाळी लावायला व सकाळी विझवायला माणूस हवा. वादळात किंवा बर्फात कित्येक खडकांवर होडीसुद्धा लागत नसे. ही अडचण दूर केली गुस्ताफ डालेन यांनी.

३० नोव्हेंबर १८६९ रोजी स्टेनस्टॉर्प येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले डालेन तरुणपणी घरची शेती सांभाळत. दुधातील स्निग्धांश मोजणारे एक उपकरण त्यांनी बनवले आणि दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राचे प्रसिद्ध संशोधक गुस्ताफ डी लाव्हाल यांना नेऊन दाखवले. आधी रीतसर तंत्रशिक्षण घ्या, हा लाव्हाल यांचा सल्ला त्यांनी मानला. १८९६ मध्ये ते गॉथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेतून अभियंता झाले.

अ‍ॅसिटिलीन वायू झगझगीत पांढऱ्या ज्योतीने जळतो, पण दाबाखाली साठवला की त्याचा स्फोट होऊ शकतो. तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या टाकीत ठेवण्याची युक्ती माहीत होती. मात्र हादऱ्यांनी तो पदार्थ भुगा होऊन खचे आणि मोकळ्या जागेत वायू साचे. डालेन यांनी न खचणारे मिश्रण तयार केले. शिवाय ज्योत अखंड न ठेवता क्षणभर लुकलुकवणारी झडप केली, त्यामुळे वायूचा खर्च सुमारे दहाव्या भागावर आला.

त्यांची खरी करामत म्हणजे १९०७ मधील सूर्यझडप. मधोमध काजळी रंगाची एक दांडी आणि भोवती तीन चकचकीत दांड्या. हवा तापली तर चारही सारख्याच वाढतात. पण उजेड पडला की काळी दांडी तो शोषून घेते, इतरांपेक्षा किंचित जास्त लांबते आणि वायूची वाट बंद करते. अंधार पडताच ती आखडते, वायू सुटतो आणि सतत तेवणारी बारीक ज्योत दिवा पेटवते. ना घड्याळ, ना वीज. ढगाळ, काळोख्या दुपारीही दिवा आपोआप लागे. अर्थात, यामुळे राखणदारांची नोकरीही गेली.

सप्टेंबर १९१२ मध्ये वायूच्या टाक्यांच्या सुरक्षिततेची चाचणी घेताना स्फोट झाला. डालेन गंभीर भाजले आणि त्यांची दृष्टी कायमची गेली. त्यांचे भाऊ आल्बिन हे नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक. एका डोळ्याला इजा झाल्यावर दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही दाह होण्याचा जो विकार आहे, त्यात आढळणाऱ्या सूक्ष्म गाठींना आजही डालेन-फुक्स गाठी म्हणतात, त्या याच आल्बिन यांच्या नावाने. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुस्ताफ यांना मिळाले. डिसेंबरच्या समारंभात ते त्यांच्या वतीने आल्बिन यांनी स्वीकारले.

डालेन मात्र कामावर परतले आणि पुढे पंचवीस वर्षे त्यांनी आपली 'आगा' कंपनी चालवली. घरी असताना पत्नी एल्मा यांची चुलीपाशी होणारी दमछाक त्यांच्या ध्यानात आली. त्यातून १९२२ मध्ये कमी इंधनात दिवसरात्र गरम राहणारी 'आगा' शेगडी तयार झाली. तिचा आराखडा त्यांनी अंधत्वातच केला.

९ डिसेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. स्टॉकहोम बंदराच्या वाटेवरील ब्लॉकहुसुडेन दीपगृहात १९१२ मध्ये बसवलेली सूर्यझडप तेव्हा चालू होती. १९८० मध्ये तेथे वीज येईपर्यंत ती चालूच राहिली.