अर्धवट वाक्याचे धनी : वेर्नर फिंक

हुकूमशाहीत बोललेल्या शब्दाला शिक्षा देता येते. न बोललेला शब्द पकडणे मात्र कठीण असते. जर्मन राजकीय विडंबनकार वेर्नर फिंक यांनी या अडचणीचेच शस्त्र केले.

२ मे १९०२ रोजी ग्योर्लित्झ येथे जन्मलेल्या फिंक यांनी १९२९ साली सहकलाकारांसमवेत बर्लिनमध्ये ‘काटाकोम्बे’ हा छोटेखानी रंगमंच उभारला. चाचरत बोलणारा, वाक्य मध्येच सोडून देणारा निरागस निवेदक ही त्यांची ओळख. राहिलेले वाक्य प्रेक्षक मनात पुरे करीत आणि हशा उसळे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावरही ही शैली टिकली. प्रेक्षागृहात बसून टिपणे घेणाऱ्या हेरांना, आपण फार वेगाने तर बोलत नाही ना, अशी विचारणाही ते भर प्रयोगात करीत.

त्यांचा शिंप्याचा प्रवेश विशेष गाजला. शिंपी गिऱ्हाइकाच्या हाताचे माप घेतो. मूठ वळलेल्या हाताचे माप भरते १८/१९, म्हणजे जर्मन राज्यक्रांतीचा काळ. पसरलेल्या तळव्याचे ३३. मग गिऱ्हाईक वर गेलेला उजवा हात खाली घेईचना. ‘उंचावलेला उजवा हात’ आणि ‘रद्द झालेले हक्क’ या दोन्हींसाठी जर्मन भाषेत एकच शब्दप्रयोग चालतो. प्रवेशाचा सारा डंख या श्लेषात होता.

१० मे १९३५ रोजी गोबेल्स यांच्या आदेशाने ‘काटाकोम्बे’ला टाळे लागले. फिंक यांची रवानगी एस्टरवेगनच्या छळछावणीत झाली. अभिनेत्री केटे डॉर्श यांनी गोरिंग यांच्याकडे रदबदली केल्यावर त्यांची सुटका झाली. ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. परंतु आक्षेपार्ह अर्थ प्रेक्षकांच्या मनात होता, फिंक यांच्या तोंडी नव्हता. पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले, तरी त्यांच्यावर वर्षभराची व्यवसायबंदी आली.

१९३९ साली राज्य संस्कृती मंडळातून हकालपट्टी होताच पुन्हा अटकेचे सावट आले. ते टाळण्यासाठी फिंक आपणहून सैन्यात भरती झाले. ज्या राजवटीची त्यांनी खिल्ली उडवली, तिच्याच गणवेशात त्यांना जीव वाचवावा लागला.

युद्धानंतर त्यांनी श्टुटगार्टमध्ये ‘माउसेफाले’, म्हणजे उंदराचा सापळा, हा रंगमंच सुरू केला. ३१ जुलै १९७८ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. फिंक यांनी राजवट उलथवली नाही. मात्र भयाने मूक झालेल्या माणसांना, आपल्याच मनातले इतरांच्याही मनात आहे, याची खूण त्यांनी पटवून दिली.