होमी भाभा : कणांच्या शोधाला माप देणारे शास्त्रज्ञ



डॉ. होमी भाभा म्हटलं की आपण मुलांना अणुऊर्जा सांगतो आणि तिथंच थांबतो. आज त्यांच्या कामाची दुसरी बाजू बघूया.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. मुलाने केंब्रिजला इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात यावं, अशी वडिलांची इच्छा. होमींचं मन मात्र भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगला पहिला वर्ग मिळव, मग हवं ते शिक. १९३० मध्ये होमींनी तो मिळवला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

पुढे इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित त्यांनी मांडलं. ते १९३६ साली प्रसिद्ध झालं. त्यालाच आज 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात.

त्याचा उपयोग काय? आपल्या कोल्हापूरच्या बाजारात गुळाची आवक वाढली की घटली, हे काटा बरोबर असेल तरच कळतं ना? तसंच हे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यात हे कण एकमेकांवर आदळवले. टकरी किती दाट होतायत, हे भाभा स्कॅटरिंगच्या घटना मोजून ठरायचं. या मापाच्या आधारेच हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे आहेत, चौथा नाही, हे पक्कं झालं.

१९३९ मध्ये होमी सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परत जाता येईना. ते बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत रुजू झाले, वैश्विक किरणांवर काम करू लागले आणि इथंच काही उभारायचं ठरवलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. २०१२ साली हिग्ज कण सापडला, त्या प्रयोगांत या संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

होमींना हे बघता आलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचं विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय अवघं ५६.

पालकहो, दहावीनंतर पोराला कुठं घालायचं, हा प्रश्न घराघरात असतो. अट जरूर घाला. पण पोरानं ती पाळली, तर आपणही शब्द पाळूया.