शब्दाला जागलेला सेनानी : इब्राहिमखान गारदी

इस्लामी जीवनपद्धतीत नमाज, रोजा आणि जकात यांच्या शेजारीच दिलेला शब्द पाळण्याला स्थान आहे. नमाज मशिदीत दिसते; वचनाची परीक्षा मात्र बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर होते आणि क्वचित रणांगणावरही होते. अठराव्या शतकात दख्खनच्या एका मुस्लिम सेनानीची अशी परीक्षा पानिपतच्या मैदानावर झाली. त्यांचे नाव इब्राहिमखान गारदी. मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे. पण ज्या गुणामुळे ते स्मरणात राहावे, त्या गुणाचा विचार फारसा होत नाही.

प्रथम ‘गारदी’ या शब्दाविषयी. फ्रेंच भाषेतील पहारा या अर्थाच्या शब्दावरून तो दख्खनी बोलीत आला. फ्रेंचांच्या हाताखाली कवायत शिकलेल्या, चकमकीच्या बंदुका आणि संगिनी बाळगणाऱ्या पायदळाला गारदी म्हणत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हापासून मराठी मनात हा शब्द मारेकऱ्याशी जोडला गेला. त्या कटात सुमेरसिंग होता, खरगसिंग होता आणि महंमद युसूफही होता. म्हणजे विश्वासघाताला कोणताही एक धर्म नव्हता. मात्र त्या घटनेच्या बारा वर्षे आधी याच नावाच्या पलटणींनी आपल्या धन्यासाठी जवळजवळ समूळ कापून घेतले होते, याचा विसर पडला.

इब्राहिमखानांचा काळ हा मोगल सत्तेच्या विघटनाचा काळ होता. दिल्लीचे सिंहासन नावापुरते उरले होते. हैदराबादचा निजाम, अयोध्येचा नवाब, रोहिले सरदार आणि पुण्याचे पेशवे, सारेच कागदोपत्री त्याच बादशाहीचे चाकर आणि प्रत्यक्षात एकमेकांचे वैरी होते. १७५२ च्या करारानुसार तर बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी स्वीकारली होती. एकाच राज्याचे सुभेदार आपसांत लढत होते आणि अहमदशहा अब्दालीसारखा बाहेरचा बादशहा त्यांपैकी एका पक्षाचा पाठीराखा म्हणून येत होता. अशा घरभेदाच्या काळात सैनिकाने निष्ठा कोणाला वाहावी, हा प्रश्न प्रत्येक शिपायापुढे होता.

इब्राहिमखान लष्करी विद्या शिकले ती बुसी या फ्रेंच सेनापतीच्या छावणीत. १७५१ पासून बुसी हैदराबादच्या दरबारात होता. शिस्तबद्ध पायदळाची एक पलटण बेशिस्त घोडदळाच्या मोठ्या जमावाला रोखू शकते, हे त्याने दख्खनला दाखवून दिले. १७५८ मध्ये तो परत बोलावला गेला. इब्राहिमखान काही काळ निजामअलीच्या चाकरीत होते. तेथील करार संपल्यावर ते सदाशिवरावभाऊंकडे आले. भाऊंनी त्यांना ठेवून घेतले त्याच सुमारास पेशव्यांचा आधीचा गारदी सरदार मुजफ्फरखान याने भाऊंच्या जिवावर घाला घालण्याचा कट केला आणि त्यापायी तो देहदंडास पात्र ठरला. एका गारद्याने विश्वास मोडलेला असताना दुसऱ्यावर विश्वास टाकणे सोपे नव्हते. भाऊंनी तो टाकला, आणि इब्राहिमखानांनी तो अखेरपर्यंत अमानत म्हणून जपला.

पहिली कसोटी उदगीरला लागली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. इब्राहिमखानांच्या तोफांचा त्यात मोठा वाटा होता. तहात दौलताबाद, असीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. समोर इब्राहिमखानांचा पूर्वीचा धनी होता. जुनी चाकरी रीतसर संपलेली होती आणि नव्या चाकरीचा शब्द दिलेला होता. म्हणून त्यांचा हात डळमळला नाही.

उदगीरनंतर लवकरच मराठी सेना उत्तरेकडे निघाली. इब्राहिमखानांच्या हाताखाली आठ-नऊ हजारांचे पायदळ आणि सुमारे चाळीस तोफा होत्या. मल्हारराव होळकरांसारख्या अनुभवी सरदारांना ही अवजड युद्धपद्धती पसंत नव्हती. वेगाने धावायचे, शत्रूची रसद तोडायची आणि अडचण येताच निसटायचे, ही त्यांची परंपरा होती. शिवाय गारद्यांचा पगार रोख आणि दरमहा द्यावा लागे, हेही अनेकांच्या डोळ्यांत सलत होते. इब्राहिमखान त्या बाबतीत तडजोड करीत नसत. आपल्या शिपायांच्या ठरलेल्या वेतनाची मागणी ते भाऊंच्या नाराजीची पर्वा न करता ठरल्या दिवशी मांडत.

वरवर पाहता हा लोभ वाटेल. शरीअतच्या दृष्टीने पाहिले तर यात खोट दिसत नाही. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रत्येक मुस्लिम मुलाला ठाऊक असते. ज्याच्या भरवशावर हजारो कुटुंबे आहेत, त्याने त्यांचा हक्क मागितलाच पाहिजे. करार हा दोन्ही बाजूंना बांधतो: काम करून घेणाऱ्याला मोबदल्याने आणि मोबदला घेणाऱ्याला कामाने. इब्राहिमखानांनी पहिली बाजू दरमहा बजावून घेतली. दुसरी बाजू त्यांनी कशी बजावली, ते पुढे येईल.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी होती. फौजेच्या खर्चासाठी भाऊंना लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून वितळवावे लागले. त्यातून नऊ लाख रुपये निघाले. १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचे ठाणे तोफांच्या बळावर जिंकले गेले आणि काही दिवसांची ददात मिटली. पण २५ ऑक्टोबरला अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी सेनेचा दख्खनकडे जाणारा रस्ता बंद झाला. त्यानंतर अडीच महिने दोन्ही सेना पानिपतला समोरासमोर खंदक खोदून बसल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत धान्य संपले, जनावरे उपासाने मरू लागली.

पलीकडच्या छावणीत नजीबउद्दौला या युद्धाला धर्मयुद्धाचे रूप देत होता. अयोध्येच्या शुजाउद्दौलाला त्याने याच नावाने आपल्या बाजूस वळवले होते. पण माणसांची मांडणी पाहिली की हे रूप विरून जाते. शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसाव्याचे हिंदू लढवय्ये अब्दालीच्या बाजूने उभे होते. शुजाचा कारभारी काशीराज पंडित हा मराठी ब्राह्मण होता, आणि या लढाईचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत त्यानेच फारसीत लिहून ठेवला. इकडे मराठ्यांच्या डाव्या बगलेचा सारा भार एका मुस्लिम सेनानीवर होता. हे राज्यासाठीचे युद्ध होते. त्याला दीनचे नाव देणाऱ्याने दीनची सेवा केली असे म्हणता येत नाही.

१४ जानेवारी १७६१, हिजरी ११७४. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे असे ठरवून मराठी सेना पहाटे खंदकाबाहेर पडली. लढाई सुरू होण्यापूर्वी इब्राहिमखान घोड्यावरून भाऊंकडे गेले आणि त्यांनी मुजरा केला. काशीराज सांगतो की, दरमहा पगारासाठी हट्ट धरल्यामुळे आपण माझ्यावर रागावत होता, तो पगार फुकट घेतलेला नाही हे आज दिसेल, अशा आशयाचे बोलून ते आपल्या जागी परतले. मग त्यांनी स्वतः निशाण हाती घेतले, गोळीबार थांबवला आणि संगिनी रोखून चाल करण्याचा हुकूम दिला.

त्यांच्यासमोर हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांचे रोहिले होते. नऊ पलटणींपैकी दोन बगलेच्या रक्षणासाठी ठेवून उरलेल्या सातांनिशी इब्राहिमखान रोहिल्यांवर तुटून पडले. दमाजी गायकवाडांचे घोडदळ त्यांच्या मदतीला होते. हातघाईच्या या लढाईत आठ-नऊ हजार रोहिले ठार किंवा जखमी झाले. गारद्यांच्या सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. इब्राहिमखानांना भाल्यांच्या आणि गोळीच्या अनेक जखमा झाल्या. तरी ते हटले नाहीत. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले, मराठी फौजेचा धीर सुटला, होळकर मैदानातून निघाले आणि भाऊ गर्दीत शिरून लढता लढता नाहीसे झाले. डाव्या बगलेला ज्यांनी सकाळी शब्द दिला होता, त्यांपैकी बहुतेक तेथेच पडलेले होते.

जखमी इब्राहिमखान कैद झाले. शुजाउद्दौलाने त्यांना आपल्या तंबूत आसरा दिला, जखमांवर मलमपट्टी करवली आणि गुपचूप लखनौला पाठवण्याचा बेत केला. बातमी फुटली. दुराणी सरदारांनी गलका केला आणि अब्दालीने कैदी मागून घेतला. त्याने विचारले की, एवढ्या शूर माणसाची ही दशा कशी झाली. इब्राहिमखानांनी सांगितले की, नशिबावर कोणाची सत्ता चालत नाही. धनी मारला गेला, आपण जखमी होऊन कैदेत पडलो. जगलो आणि बादशहाने चाकरीस ठेवले, तर त्याचीही सेवा याच निष्ठेने करू. ते जगले नाहीत. आठवडाभरात त्यांचा मृत्यू झाला. जखमांवर विषारी औषध लावल्याचे काशीराजाने नमूद केले आहे.

हे शेवटचे उत्तर चरित्र सांगणारे अनेकदा गाळतात, कारण त्यांना हुतात्म्याची घडीव मूर्ती हवी असते. पण इब्राहिमखानांचे खरे रूप त्या उत्तरातच आहे. त्यांनी मराठ्यांवरील प्रेमाचे भाषण केले नाही, धर्माची ढालही पुढे केली नाही. ते पेशाने शिपाई होते. ज्याच्याशी करार केला तो जिवंत असेतो त्याचे, आणि करार मृत्यूने संपल्यावरच मोकळे. युद्धाचा पेशा रक्ताने माखलेला असतो आणि त्यांचे हात त्याला अपवाद नव्हते. त्यांना वली ठरवण्याचे कारण नाही; आणि आपल्या देशनिष्ठेचा दाखला म्हणून त्यांचे नाव कोणाच्या तोंडावर फेकण्याचेही कारण नाही. त्यांच्याकडून शिकायचे ते एवढेच की, शब्द दिला तर तो पुरा करावा. समोर कोण आहे यावरून त्याची किंमत बदलू नये.

ही शिकवण त्यांच्या आधी अकराशे वर्षांपूर्वी बद्रच्या वाटेवर दिली गेली होती. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदिनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना अडवले आणि प्रेषितांच्या बाजूने लढणार नाही असे वचन घेऊनच सोडले. मुसलमान तेव्हा तीनशेहून थोडेच अधिक होते. एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या दोघांना वचन पाळण्यास सांगितले आणि अल्लाहच्या मदतीवर विसंबले. वचन शत्रूला दिले होते, दबावाखाली दिले होते. तरी ते वचनच होते.

आपल्या नागपुरातही या परंपरेची एक खूण आहे. रामदासपेठेच्या शेजारीच सीताबर्डीची टेकडी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी तेथे अप्पासाहेब भोसल्यांच्या चाकरीतील अरब शिपाई इंग्रजांशी लढले. डिसेंबरात खुद्द अप्पासाहेब इंग्रजांना शरण गेले, तरी अरबांनी शहर सोडले नाही. अटी ठरल्यानंतरच ३० डिसेंबरला ते बाहेर पडले. त्यांच्यापैकी कोणाचे नाव आपल्या घरांत घेतले जात नाही. इब्राहिमखानांचे घेतले जाते, कारण काशीराजासारख्या शत्रुपक्षातील माणसाने ते आदराने लिहून ठेवले.

आज आपल्या हाती तलवार नाही, आणि नसावी हेच बरे. पण करार रोज होतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक, मालक आणि मजूर, शिक्षक आणि संस्था, पती आणि पत्नी, नागरिक आणि राज्य या साऱ्यांत दोन बाजूंचा शब्द गुंतलेला असतो. महिनाअखेरीस नोकराचा पगार लांबवणारा हाजी आणि पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणारा नमाजी, दोघांनीही पानिपतच्या त्या सकाळचा विचार करावा. हक्क मागताना लाजू नये आणि कर्तव्य करताना चुकू नये.

अल्लाह आपणा सर्वांना दिलेल्या शब्दाला जागण्याची तौफीक देवो. आमीन.