गाडीतला धक्का आणि फ्रेडरिक लँचेस्टर

शीव कोळीवाड्याहून किंग्ज सर्कलकडे निघालेली पंधरा-अठरा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी सिग्नल सुटल्यावर क्षणभर अडते. इंजिन नुसतेच जोरात फिरते आणि मग पाठीत बुक्का बसावा तसा धक्का देऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जाते. वय झाले गाडीचे, असे म्हणून मालक तो धक्का सोसत राहतो. हा धक्का मोटारीतून घालवण्यासाठी अगदी सुरुवातीच्या काळात ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांत फ्रेडरिक लँचेस्टर हे नाव फार वरचे आहे. इंग्लंडमध्ये त्यांच्या गाड्यांचा एकेकाळी मोठा दबदबा होता.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वास्तुरचनाकार होते. शिक्षण साउदॅम्प्टन आणि लंडन येथे झाले, पण पदवी न घेताच ते बाहेर पडले. १८८९च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळ गॅसवर चालणारी इंजिने बनवणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी लागली आणि तिथेच त्यांनी एकामागून एक पेटंटे घेतली. त्यांची पहिली मोटार १८९६ मध्ये रस्त्यावर धावली.

त्या काळी गिअर बदलणे म्हणजे झटापट असे. फिरते दातेरी चाक दांड्याने सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचे. दोघांची गती जुळली नाही, तर दात एकमेकांवर घासून करकर आवाज होई, गाडी हिसका देई आणि कधी दातही तुटत. लँचेस्टर यांनी दुसरी वाट धरली. मधोमध एक सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचाके आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. या रचनेत चाके एकमेकांपासून सुटतच नाहीत. वेग बदलण्यासाठी त्यातला एखादा भाग ब्रेकने धरून ठेवायचा किंवा सोडायचा, एवढेच. ही रचना त्यांनी शोधली नव्हती. पण मोटारीत ती नीट बसवून, सामान्य चालकाच्या हाती देण्याइतकी भरवशाची करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ते होते. आजही टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात सूर्य आणि ग्रहच फिरत असतात.

कंपनाशी तर त्यांचे जन्माचे वैर. त्यांच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन क्रँकशाफ्ट उलटसुलट दिशांना फिरत आणि एकाची थरथर दुसरा खाऊन टाकी. पुढे लांब इंजिनांच्या क्रँकशाफ्टला पीळ पडून येणारी थरथर शमवण्यासाठी त्यांनी वेगळे उपकरण काढले. त्या जातीचे उपकरण आजच्या बहुतेक इंजिनांवर असते. मुंबईत, जेजे कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे १९०२ पासूनचे त्यांचे गिऱ्हाईक. वाफेच्या गाडीने हैराण झाल्यावर त्यांनी लँचेस्टर घेतली.

बुद्धी अफाट, पण पैसा टिकला नाही. मागणी असूनही खेळते भांडवल अपुरे पडल्याने १९०४ मध्ये कंपनी कर्जबाजारी झाली. ती नव्याने उभी राहिली, तरी हळूहळू सूत्रे धाकटे बंधू जॉर्ज यांच्याकडे गेली आणि फ्रेडरिक डेमलर कंपनीचे सल्लागार झाले. विमानाचे पंख हवेत कसे तरतात यावर १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी लिहिलेले दोन ग्रंथ हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९३९ मध्ये अमेरिकेत हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर झाला. ग्रहचाके तीच होती, फक्त ब्रेक धरणारा हात आता तेलाचा होता. तेलाच्या दाबाने एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. सुटणे आणि धरणे यांचा मेळ चुकला की धक्का बसतो. म्हणून जुनी गाडी हिसके देऊ लागली की आधी तेल पाहावे. पातळी तपासण्याची रीत कंपनीगणिक वेगळी असते, त्यासाठी गाडीची पुस्तिका काढावी. तेल काळपट असेल आणि जळका वास येत असेल, तर आतले क्लच झिजू लागले आहेत. चुकीच्या प्रतीचे तेल घातल्यानेही धक्के येतात. तेल ठीक असेल, तर दाब सांभाळणारे विद्युत व्हॉल्व्ह, सेन्सर आणि इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तपासून घ्यावे. फाटलेल्या माउंटिंगचा धक्का अनेकदा बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या नावावर खपतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकू नये. अलीकडच्या स्वस्त एएमटी गाड्यांचे मात्र वेगळे आहे. त्यांत साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबणे आणि गिअर बदलणे तेवढे यंत्र करते, त्यामुळे गिअर बदलताना गाडीने थोडी मान डोलावणे हा दोष नव्हे.

हायड्रामॅटिक बाजारात आला तेव्हा लँचेस्टर सत्तरी ओलांडून आजारी होते. १९२५ मध्ये त्यांनी काढलेली प्रयोगशाळा प्रकृती ढासळल्याने १९३४ मध्ये बंद करावी लागली होती. त्यांना पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने गाठले होते. आयुष्यभर यंत्रांची थरथर शमवली, त्यांच्याच वाट्याला हा आजार आला.

मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रे आपल्या नकळत गिअर बदलत असतात. बसलेला माणूस उठतो, उभा चालू लागतो, चालता चालता वळतो, ते विचार न करता. त्यासाठी डोपामिन लागते. ते तयार करणाऱ्या पेशी झडू लागल्या की हात कापतो, हालचाली मंदावतात, उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पायात ताकद असते, पण पहिले पाऊल पडत नाही. अशा वेळी जमिनीवरच्या रेघा ओलांडत किंवा तालावर चालायला सांगितले, तर पुष्कळ रुग्ण चालू लागतात.

लँचेस्टर यांच्या हयातीत यावर धोतरा-बेलाडोनाच्या कुळातली अर्धवट गुणाची औषधे होती. गंमत अशी की खाजकुइलीच्या बियांमधला लेव्होडोपा भारतातल्याच रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये वेगळा केला होता. पण पार्किन्सन्समध्ये मेंदूतले डोपामिन घटते, हे कळायला १९६० उजाडले आणि गोळीच्या रूपात लेव्होडोपाचा खात्रीचा उपयोग १९६७ मध्ये दिसला. आज ही गोळी आपल्याकडे सहज मिळते. तरीही अक्षर बारीक होणे, चालताना एकच हात न हलणे, वास न येणे, आवाज खोल जाणे या खुणा घरात वय झाले म्हणून सोडून दिल्या जातात. खांदा आखडला म्हणून कित्येक महिने नुसते शेकण्यात जातात. खाजकुइलीची पूड मनाने खाऊ नये, तिच्यातली मात्रा मोजलेली नसते. चालू असलेली गोळीही अचानक बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते.

शेवटच्या वर्षांत लँचेस्टर यांची दृष्टीही गेल्यात जमा होती. ज्या धंद्याला त्यांनी इतके दिले, त्याच्या मदतनिधीवर राहते घर टिकले. १९४५ मध्ये त्यांना जेम्स वॅट आंतरराष्ट्रीय पदक जाहीर झाले आणि ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅमच्या मोझली भागातल्या घरी, वयाच्या ७७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.