हरिश्चंद्राचा कारखाना

त्र्यंबकेश्वर म्हटले की ज्योतिर्लिंग, ब्रह्मगिरी आणि गोदावरीचा उगम डोळ्यांसमोर येतो. याच क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब सर्वांना परिचित आहेत. मात्र, चित्रपट हे अनेक हातांचे काम असून त्यात कोणी काय करायचे आणि कशाची जबाबदारी कोणावर, याची घडी बसवण्याचा प्रश्नही या देशात प्रथम त्यांच्याच पुढे उभा राहिला.

वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. धुंडिराज मात्र मुंबईचे जे. जे. कला विद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण व छपाई शिकले. पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडून त्यांनी छपाईचा व्यवसाय सुरू केला. यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी स्वतः उभारलेला व्यवसाय सोडला. पैसा एकाचा आणि कसब दुसऱ्याचे असले की अंतिम शब्द कोणाचा, हा तंटा पुढेही त्यांची पाठ सोडणार नव्हता.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना नवी दिशा सापडली. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले, चित्रपटनिर्मितीचे तंत्र समजून घेतले आणि कॅमेरा घेऊन ते परतले. ‘राजा हरिश्चंद्र’चे लेखन आणि दिग्दर्शन त्यांनीच केले. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती दिला, हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांना दिली. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा, अशी सूचना दादासाहेबांनी मंडळींना दिली होती, असे सांगतात. ती युक्ती असली तरी दादरच्या त्या घरात खरोखरच एक कारखाना उभा राहिला होता.

या कारखान्यातील सर्वांत अवघड जबाबदारी जिच्यावर होती, तिला कोणतेच पद नव्हते. पत्नी सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने तयार करीत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करीत. दागिनेही त्यांनी याच कामी दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांनी केलेल्या कामांसाठी पुढे चित्रपटगृहांत स्वतंत्र श्रेयनामे झळकू लागली.

त्यानंतर दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. कलावंत व कारागीर तेथे एकाच आवारात एखाद्या एकत्र कुटुंबासारखे राहत आणि कर्त्याचा मान अर्थातच दादासाहेबांचा असे. ‘लंकादहन’च्या (१९१७) यशानंतर भांडवलदार पुढे आले आणि १९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. येथे कुटुंबाची रीत आणि कंपनीची रीत यांची गाठ पडली. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि वेळेचे बंधन हवे होते. दादासाहेबांना कलेत हस्तक्षेप नको होता. आपल्या परीने दोघांचेही म्हणणे रास्त होते. पण अधिकारांची सीमा निश्चित झालेली नव्हती. ‘कालिया मर्दन’नंतर (१९१९) ते कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले. मात्र पूर्वीचा एकछत्री कारभार पुन्हा लाभला नाही.

बोलपट आल्यावर कामाची विभागणी अधिकच बारीक झाली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

१९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो एका व्यक्तीच्या कार्याचा गौरव असतो आणि ते योग्यही आहे. मात्र ज्यांच्या नावाने तो दिला जातो, त्यांचा पहिला चित्रपट स्वयंपाकघरापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या अनेक हातांनी पूर्ण केला होता, याचेही स्मरण त्या निमित्ताने व्हावयास हवे.